आधी तू नेस

शशी मला शेवटची भेटली तेव्हा तिच्या हातात कुणाचा तरी कोट होता. कुणाचा ते तिलाही ठाऊक नव्हतं आणि म्हणूनच ती खुशीत होती. मी मागच्या पडवीत बोंबील साफ करत बसले होते. ती परसातून आली आणि तो करड्या रंगाचा कोट तिनं दोन्ही हातांनी उंच उजेडात धरला. अलिबागच्या एका दवाखान्यात आयुष्यभर एक्सरे काढायचं काम केलेली बाई. कुठलीही गोष्ट आधी उजेडासमोर धरायची ही तिची खोडच होती. "वंदू, बघ," ती म्हणाली, "डाव्या खांद्यात आतून जास्त कापूस भरलाय. ह्या माणसाचा एक खांदा उतरता असणार. पोस्टमन असेल का गं? पिशवी अडकवून अडकवून?" मी म्हटलं, पोस्टमन असले कोट घालत नाहीत, आणि तो माझ्या बोंबलांपासून लांब धर. "मग व्हायोलिन वाजवणारा असेल," ती म्हणाली. मग कोट हातावर टाकून उंबऱ्यावर टेकली आणि तिनं नेहमीचा प्रश्न विचारला, "मंगलचा फोन आलेला का तुला?" मंगल म्हणजे तिची धाकटी बहीण, उरणला असते. दोघींचं बोलणं बंद होऊन सात-आठ वर्षं झाली होती. मंगलनं मला फोन करायचं काहीच कारण नव्हतं, तरी शशी विचारायची. नाही आला, मी म्हटलं. "बरं," म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही.

असं मरण भाग्यवानाला येतं, असं भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला. असेल. मला मात्र गेला महिनाभर वेगळीच चुटपुट लागून राहिली आहे. त्या कोटवाल्याचं तिनं शेवटी काय ठरवलं, ते मी विचारलंच नाही.

शशी आमच्या चौलात आली ती नोकरी लागल्यावर. माहेर पेणकडच्या एका मिठागराच्या गावात, आईवडील लवकर गेलेले, लग्न केलं नाही आणि त्याबद्दल कुणाला उत्तरही दिलं नाही. आमच्या कुंपणाला लागून असलेल्या दोन खोल्या तिनं भाड्यानं घेतल्या. आमच्याकडे आळीला पाखाडी म्हणतात. दोन्ही बाजूंना सुपारीच्या वाड्या आणि मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढा रस्ता, त्यामुळे कोण काय नेसून चाललंय हे सगळ्यांना दिसतं. पहिल्या दिवशी ती विहिरीवर आली तीच मुळी पांढरी सुती साडी आणि ब्लाउजच्या जागी निळ्या रेघांचा पुरुषी शर्ट अशा थाटात. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कॉलर उभी. आता आम्ही भाड्यानं देतो त्या कॉटेजवर उतरणाऱ्या मुंबईच्या मुली हेच घालून समुद्रावर फोटो काढतात. त्या वेळी मात्र माझ्या सासूबाईंनी हातातली बादली खाली ठेवली आणि मला हळूच विचारलं, "हिच्या घरात पुरुष कोण आहे गं?" कोणी नव्हता. शर्ट जुन्या बाजारातला होता, हे कळल्यावर सासूबाईंना जास्तच धक्का बसला. पुरुष असता तर परवडला असता, असा त्यांचा चेहरा झाला.

मी स्वतः नाक मुरडण्यात सासूबाईंच्या एक पाऊल पुढेच. दुसऱ्याचा वापरलेला कपडा म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो, अजूनही येतो. पण कबूल करायला हवं, शशीला ते कपडे शोभत. ती काही देखणी नव्हती. उंच, काळीसावळी, मान लांब. पण कुठला शर्ट कुठल्या साडीवर, बाही किती दुमडायची, जाकिटाचं कुठलं बटण उघडं ठेवायचं, हे तिला असं नेमकं कळायचं, की ती एसटीतून उतरली तरी लोक वळून बघत. रेवदंड्याच्या बाजारात मासे विकणाऱ्या कोळणी तिची चेष्टा करायच्या. "शशीबाय, आज कोनाचा शर्ट गो?" शशी पापलेटाचे कल्ले उघडून बघता बघता म्हणायची, "ठाव न्हाय गो, शोधतंय." आणि ती खरंच शोधत असायची. थट्टेला थट्टेनं दिलेलं उत्तर नव्हतं ते.

तिच्याकडे कपडे दोन वाटांनी यायचे. एक वाट बंगल्यांची. मांडव्यापासून नागावपर्यंत मुंबईकरांचे बंगले झाले आणि ते राखणाऱ्या बायकांकडे नको झालेल्या कपड्यांच्या पिशव्या येऊ लागल्या. तागाचे शर्ट, रेशमी अस्तराची जाकिटं, एकदाच घातलेले झगे. त्या बिचाऱ्या ह्या कपड्यांनी फरशा पुसायच्या. शशी रविवारी सकाळी निघायची, बरोबर जुने जाडे टॉवेल घेऊन. तागाच्या शर्टानं फरशी नीट पुसली जात नाही, पाणी नुसतं इकडचं तिकडे होतं, हे त्या बायकांनाही पटायचं. टॉवेल द्यायचे, शर्ट घ्यायचे, वर चहा प्यायचा. दुसरी वाट समुद्रावरची. दोन-तीन महिन्यांतून एकदा ती रेवसहून लाँचनं भाऊच्या धक्क्याला उतरायची आणि मुंबईतल्या जुन्या कपड्यांच्या बाजारात जायची. एकदा मलाही घेऊन गेली. मी जाताना डोक्यावरून पदर घेतला, नाकाशी रुमाल धरला आणि तिथं कमरेएवढ्या उंच ढिगांसमोर उभी राहून मनातल्या मनात तिला शिव्या घालत होते. शशीनं पदर खोचला, डोळे मिटले आणि दोन्ही हात ढिगात कोपरापर्यंत खुपसले. मला वाटलं, बाईला चक्कर आली. पण तिची ती रीतच होती. आधी हातानं चाचपायचं, मग डोळे उघडायचे. "डोळे आधी रंग बघतात आणि फसतात," ती म्हणाली. तो विक्रेता तिला ओळखत होता, त्यानं तिच्यासाठी स्टूल आणलं. तासाभरानं ती ढिगातून एक शर्ट, एक बंडी आणि एक कुठल्याशा थंड देशातला लोकरी गळपट्टा घेऊन बाहेर आली. आमच्याकडे गळपट्टा कशाला लागतो, मी विचारलं. "त्याला इथं येऊन कसं वाटतंय ते बघायचंय," असं उत्तर मिळालं. पुढे कित्येक वर्षं तिनं तो कंबरपट्ट्यासारखा जाकिटावरून बांधला, आणि तोही शोभला.

घरी आणलेला कपडा आधी कडक पाण्यात, मग मिठाच्या पाण्यात, मग परसातल्या तगरीवर तीन उन्हं. त्यानंतर तपासणी. कॉलरच्या आत धोब्यानं काळ्या शाईनं केलेली खूण, उसवून लांब केलेली बाही, वेगळ्याच दोऱ्यानं लावलेलं बटण. खिशात काही सापडलं तर ती ते बघायची आणि परत खिशातच ठेवायची. तिच्या एका जाकिटाच्या खिशात वेलदोड्याची सालं होती, एका शर्टात बुद्धिबळाचं प्यादं. ती ते प्यादं घेऊन वर्षानुवर्षं दवाखान्यात गेली. आमच्या पाखाडीत पहिल्यांदा कुजबुज झाली होती, की हे कपडे मेलेल्या माणसांचे असतात. काकूंनी, म्हणजे पाखाडीतल्या सगळ्यांत थोरल्या बाईंनी, तिला तोंडावर विचारलं. शशी म्हणाली, "असतील की काकू. म्हणून तर विचारायला कोणी मिळत न्हाय."

आता कुणाला वाटेल, एवढं बारीक बघणारी बाई, हिचे अंदाज बरोबर येत असतील. बहुतेक सगळे चुकायचे. हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण एकदा एक मालक जिवंत आणि समोरच सापडला. आम्ही दोघी मांडव्याच्या जेटीवर मुंबईच्या कॅटमरान बोटीची वाट बघत होतो. शशीच्या अंगात फिकट हिरवा तागाचा शर्ट. समोरच्या बाकावरचे एक वयस्क गृहस्थ तिच्याकडे टक लावून बघत होते आणि त्यांची बायको त्यांना कोपरानं ढोसत होती. शेवटी ते उठून आले. "माफ करा हं," म्हणाले, "हा शर्ट... तुम्हाला कुठं मिळाला?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शशीचा चेहरा मात्र असा उजळला की काय सांगू. "तुमचा का? अहो, बसा ना," म्हणून तिनं त्यांना हात धरून बसवलंच. गेली दोन वर्षं तिनं ठरवलं होतं, की ह्या शर्टाचा मालक शिक्षक आहे, कारण खिशाशी शाईचा डाग, आणि बिचारा विधुर आहे, कारण एक बटण भलत्याच दोऱ्यानं, ओबडधोबड लावलंय. तिनं ते सगळं त्यांना सांगितलं. त्यांचा न्हाणीघराच्या टाइल्सचा धंदा होता. शाई नातवानं सांडली होती. आणि बटण शेजारी बसलेल्या बायकोनंच लावलं होतं. त्या बाईंनी बोट येईपर्यंत आमच्याकडे पाठ केली. ते गृहस्थ मात्र उतरताना म्हणाले, "तुम्हाला छान दिसतो हा. मला कधी असा दिसला नाही." शशीनं ही गोष्ट पुढे अख्ख्या चौलाला सांगितली आणि प्रत्येक वेळी शेवटी "सगळंच चुकलं गं" हे असं म्हणायची, जणू लॉटरी लागली.

पण मला सांगायचंय ते ह्या शर्टांविषयी नाही, साड्यांविषयी. शर्ट जुने मिळतात. साडी मात्र माणसाला नवी येतेच, कुणी ना कुणी देतंच. दवाखान्याचे डॉक्टर दिवाळीला द्यायचे, कुठल्या मुंजीत मिळायची, निवृत्तीला तर चार आल्या. शशी कोरी साडी नेसायची नाही. घडी मोडायला द्यायची. तशी ही आपल्याकडची जुनीच रीत, नवी साडी आधी जिवाभावाच्या बाईला नेसायला द्यायची, तिनं घडी मोडली की मग आपण नेसायची. आपण ते वर्षा-दोन वर्षांतून कधी तरी करतो, त्यात लाड असतो, मान असतो. शशीनं त्याचा नियम करून टाकला. आमच्या पाखाडीतल्या निम्म्या बायका तिच्या साड्या नेसून लग्नांना जाऊन आल्या. साडी परत आली की ती हुंगायची, निऱ्यांवरून हात फिरवायची आणि म्हणायची, आता झाली. का गं असं, हे मी तिला कितीदा विचारलं असेल. कधी म्हणायची, कोऱ्या साडीला काही बोलता येत नाही. कधी म्हणायची, आळशी आहे मी, तुम्ही कष्ट काढा. खरं कारण तिनं फार उशिरा सांगितलं.

तोवर मंगलच्या मुलीचं लग्न होऊन गेलं होतं. मंगल आणि तिचा नवरा, दोघांनी शून्यातून सुरुवात केली. एका जुन्या ट्रकचे पुढे कंटेनरचे ट्रेलर झाले, उरणला तीन मजली घर झालं. मंगलच्या अंगावर मी कधी दुसऱ्यांदा नेसलेली साडी बघितली नाही. सगळं नवं, सगळं करकरीत. बहिणीचे शर्ट बघून ती वैतागायची, पण शशीवर तिचा जीव होता, शशीचा तर तिच्यावर होताच. लग्नाच्या आधी मंगल स्वतः उरणजवळच्या कारंज्याहून बोटीनं रेवसला आली आणि तिथून रिक्षा करून चौलला. डाळिंबी रंगाची पैठणी घेऊन. ती शशीच्या हातात देताना तिचे डोळे भरले होते, हे मी बघितलंय, कारण हळदीकुंकवाचं ताट माझ्याच हातात होतं. "ताय, लग्नात हीच नेसायची. माझी आन हाय तुला." शशीनं पैठणी छातीशी धरली. व्हय म्हणाली.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी हळद. उरणकडची हळद म्हणजे लग्नाला मागे सारेल असा सोहळा, बँजो, मांडव, नाचणारी गर्दी. आम्ही दोघी एका खोलीत उतरलो होतो. शशीनं पैठणी माझ्यापुढे ठेवली. "तू घडी मोड. उद्या मी नेसते." मी म्हटलं, अगं, तुझ्या बहिणीनं दिलीय, आज राहू दे. "म्हणूनच तुला देतेय. दुसऱ्या कुणाला दिली असती का?" ... नेसले मी. आणि खरं सांगते, मिरवलीसुद्धा. मला अजूनही त्यात माझं काही चुकलं असं वाटत नाही. मैत्रिणीनं मनापासून मान दिला, तो मी घेतला. मांडवात मंगल समोरून हळदीची वाटी घेऊन आली, तिनं माझ्याकडे बघितलं, पदराकडे बघितलं, आणि वाटी शेजारच्या बाईच्या हातात देऊन आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी शशी ती पैठणी नेसून मुलीच्या मागे उभी राहिली. अशी दिसत होती ती, की वरमाईनं तिला दोनदा कोण म्हणून विचारलं. मंगलनं तिच्याकडे पाहिलं नाही. निघताना एवढंच म्हणाली, "ताय, तुला मी नवी दिलेली." आणि आत गेली.

त्यानंतर फोन बंद, येणंजाणं बंद. शशीला ते शेवटपर्यंत उमगलं नाही. "नेसले की मी ती. लग्नात नेसले, सगळ्यांनी बघितलं," असं ती म्हणत राहायची. तिला वाटायचं, आपण नव्याचा अपमान केला म्हणून मंगलला राग आला. मलाही तेच वाटायचं. पैसा आला की माणसं अशी होतात, असं एक सोपं मत मी करून ठेवलं होतं. एकदा शशी मला न सांगता रेवसहून बोटीनं कारंज्याला गेली आणि तिथल्या जेटीवर दुपारभर बसून परत आली. गेली का नाहीस तिच्या घरी, मी विचारलं. तिनं चपला काढून कोपऱ्यात सारल्या. मग म्हणाली, "काय नेसून जाऊ ते ठरेना वंदू. जुनं घालून गेले तर तिला वाटेल मुद्दाम घातलंय. आणि नवं नेसून गेले तर तिच्या दारात उभी राहील ती शशी न्हाय." उभ्या आयुष्यात काय घालावं हा प्रश्न त्या बाईला तेवढ्या एकदाच पडला असेल.

त्याच दिवशी तिनं मला कोरं न नेसण्याचं खरं कारण सांगितलं. आम्ही तगरीवरचे कपडे काढत होतो. म्हणाली, गणपतीला घरात एकच फ्रॉक यायचा, तो थोरलीच्या मापाचा. वर्षभर शशी घालायची, मग दुमड घालून मंगलला. "नवा फ्रॉक खळीचा कडक असायचा गं. मानेला काचायचा. आई म्हणायची, नवं हाय, बसू नको, धावू नको, फाटंल. मी आपली उभी. आणि मंगल माझा गेल्या वर्षीचा घालून मिठागराच्या बांधावर धावायची. मऊ झालेला असायचा... मला तिचा इतका हेवा वाटायचा." हे तिला कधी सांगितलंस का, मी विचारलं. शशी माझ्याकडे बघतच राहिली. "त्यात सांगायचं काय? तिला माहीत असेल ना."

शशी गेल्याचं कळवायला मंगलला फोन मीच केला. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ती आली, तशीच बोटीनं, हातात पिशवी. आपल्याकडे बाईला शेवटचं वस्त्र माहेरचं लागतं, आणि शशीला माहेर म्हणून मंगलच होती. अलिबागला थांबून तिनं साडी घेतली होती. सुती, फिकट पिवळी, बारीक काठाची, दुकानाच्या कागदात तशीच गुंडाळलेली. आत बायकांनी शशीला आंघोळ घातली होती. काकूंनी कागद सोडवला, साडी झटकायला घेतली, आणि मी एकदम त्यांचा हात धरला. का धरला, माझं मला कळलं नाही. म्हटलं, "थांबा. तिनं जन्मात कोरं नेसलं नाही. घडी मोडू, मग नेसवू." काकूंनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की बस. "वंदना, शुद्धीवर आहेस का? मयताचं वस्त्र ते. जिवंत माणसानं अंगाला लावायचं नसतं. पोरंबाळं आहेत तुझ्या घरात." आणि मी घाबरले. साडी हातात घेतली होती, ती तशीच धरून उभी राहिले. शशीसाठी काहीही करेन असं मी इतकी वर्षं समजत होते, पण माझा हात पुढे होईना.

मंगल भिंतीशी बसली होती. तिला सांगायची ती वेळ नव्हती, पण दुसरी वेळ उरलीही नव्हती. मी तिला फ्रॉकांचं सांगितलं. कडक खळीचं, बांधावर धावण्याचं, हेव्याचं. भराभर, जसं आठवेल तसं सांगितलं. मंगल ऐकत होती. मग म्हणाली, "माझा हेवा?... आनि मी रडायची, सगळं हिचं उतरलेलं मलाच का म्हनून." मग माझ्या हातातल्या साडीकडे बघत म्हणाली, "वंदनाताय, लोकांना वाटलं मला नव्याची मिजास. मिजास न्हाय वो. घडी मोडायला तिनं तुम्हाला दिली. मी न्हवते का तिथं? जल्मभर तिनं घातलेलं मी घातलं. एकदा... एकदाच मी नेसून तिला दिली असती." इतकी वर्षं शशी आणि मी ह्या रागाचा अर्थ शोधत बसलो होतो आणि तो हा होता.

मंगल उठली. "द्या ती इकडं." काकू म्हणाल्या, मंगल, नको बाई. तिनं ऐकलं नाही. अंगावरच्या साडीवरून तिनं ती पिवळी साडी नेसायला घेतली, निऱ्या घातल्या, पदर खांद्यावर टाकला, नीट, चारचौघांत जायचंय असा. मग शशीच्या उशाशी जाऊन बसली आणि तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. बाहेर पुरुष माणसं खोळंबली होती, कुणी तरी दारातून हाकही मारली. मंगल सावकाश उठली, साडी सोडली आणि माझ्या हातात दिली. "घ्या. आता नेसवा तायला." आम्ही नेसवली. नेसवताना साडी अजून मंगलच्या अंगाची ऊब धरून होती, ती माझ्या हाताला लागली आणि तिथं मला पहिल्यांदा रडू फुटलं.

शशीच्या खोल्यांना कुलूप आहे. कपाट भरलेलं आहे, त्याचं काय करायचं ते दिवाळीनंतर बघू, असं मंगल म्हणाली. काकू मंगलवर अजून रागावलेल्या आहेत आणि रोज तिची खुशालीही विचारतात. गेल्या आठवड्यात रेवदंड्याकडे येणाऱ्या मंगलच्या एका ड्रायव्हरनं पाखाडीच्या तोंडाशी ट्रेलर उभा केला आणि एक पिशवी आणून दिली. आत नवी साडी, हिरवी, मोठ्या काठाची, मंगलनं स्वतःसाठी घेतलेली. मी फोन लावला. म्हणाली, "तुम्ही आधी नेसा वंदनाताय. मग पाठवा." ती नेसूनच हे लिहायला बसले आहे. काठ अजून कडक आहेत, अंगाला बसत नाहीत. उद्या आणखी एकदा नेसते, मग पाठवून देईन.